बिनपत्तीचा चहा

१

दुकानात येणारं नवं गिऱ्हाईक तो प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. बरणीचं झाकण उघडतं, खोल वास घेतं, क्षणभर डोळे मिटतं आणि मग चमच्याने आत ढवळून म्हणतं, "पण यात चहा कुठाय?"

"यात चहा सोडून सगळं आहे," मावशी सांगते.

खोटं नाही ते. लाल अंबाडीच्या वाळलेल्या पाकळ्या, रानगुलाबाची फळं, सफरचंदाचे सुकवलेले तुकडे, मनुका, संत्र्याची साल आणि बारीक चिरलेल्या व्हॅनिलाच्या शेंगा. पत्तीचा कण नाही. पुडे भरणाऱ्या काकू म्हणतात, "हा चहा म्हणजे नवरदेवाशिवायची वरात." पण वरात चालते जोरात. सुटा विकायचा, कागदी पुड्यात, आणि आठवडा संपायच्या आत बरणी रिकामी.

हा चहा मावशीचा नव्हे, तिच्या थोरल्या बहिणीचा. ताईच्या लेकीला, ठकूला, मोठ्या माणसांसारखा चहा हवा असायचा, आणि एवढ्याशा पोरीला चहा कसा द्यायचा? ताईने वाद घातला नाही. तिने चहातून चहाच काढून टाकला आणि कप पुढे केला, "घे, पी आता पोटभर." पुढे तोच दुकानात आला आणि दुकानाने बाळसं धरलं.

ताई मात्र राहिली नाही. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात गेली ती गेली. ठकूचे बाबा बोटीवर असतात, महिनोन्महिने पाण्यावर, म्हणून पोर मावशीकडे. तेव्हापासून अख्खी गल्ली हिला मावशीच म्हणते. तिचं स्वतःचं नाव आता फक्त बँकेतल्या बाईंना माहीत आहे.

पुढे दुकान, वर घर आणि मागे मिश्रणाची खोली. खिडकी नसलेली, दुधी काचेच्या दाराची. दार नेहमी बंद, कारण वासात वास मिसळला की धंदा बसला. दारासमोरच्या भिंतीला टेकून स्टीलचं टेबल, त्यावर काटा, किटली, पांढरे कप. एक स्टूल. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर बरण्या. दोघी बहिणींनी इथे पाठीला पाठ लावून वर्षं काढली. एक आधी निघाली की दारातून म्हणायची, "येते गं." दुसरी मान वर न करता म्हणायची, "ये गं."

आता आत कुणी नसतं. तरी संध्याकाळी दार ओढून घेताना मावशीच्या तोंडून निघतंच, "येते गं."

"कुणाला सांगतेस? बरण्यांना?" काकू हसतात.

"तोंडाला वळण पडलंय हो," मावशी म्हणते आणि कुलूप लावते.

२

ठकू शाळेला मागच्या दाराने जाते, म्हणजे मिश्रणाच्या खोलीवरून. एका सकाळी तिने दप्तर पाठीला अडकवलं आणि म्हणाली, "जाते."

मावशीच्या हातातला चमचा थांबला. "जाते म्हणू नये. येते म्हणावं."

"जाते."

"ठकू!"

"शाळेत जातेच आहे ना मी? मग जातेच म्हणणार."

आता याला उत्तर काय द्यायचं? शाळा पोरांना तर्क शिकवते आणि घरच्यांच्या नाकी नऊ येतात. दुसरी कुणी मावशी असती तर हसून सोडून दिलं असतं. पण हिला ते सोडवेना, आणि त्याला कारण होतं.

ताईला न्यायला गाडी आली तो दिवस. बाहेर हॉर्न वाजत होता, ताईला धाप लागली होती, शाल पायात येत होती. दारात वळून ती म्हणाली, "जाते गं." घाईत चुकून. मावशीने टोकायला तोंड उघडलं तेवढ्यात गाडीचं दार लागलं. मावशी शकुन-अपशकुन मानत नाही, चारचौघांत तसं ठणकावून सांगतेही. पण तो एक शब्द तिच्या काळजात रुतून बसला आहे. कितीदा तरी तिला वाटतं, मी तिला थांबवून ‘येते’ म्हणायला लावायला हवं होतं.

ती ठकूसमोर उकिडवी बसली. "हे बघ राणी. येते म्हणणं म्हणजे शब्द देणं असतं. येते म्हटलं की यायचं असतं."

ठकूने जरा विचार केला. "यावंच लागतं?"

"यावंच लागतं."

"मग नकोच," ठकू म्हणाली आणि निघाली. दुधी काचेच्या दारापाशी आली तशी ती समोरच्या भिंतीला पाठ घासत, आडवी चालत पुढे सरकली. दप्तराचा बंद भिंतीला खरखरत गेला. मावशीला वाटलं, नवीन खेळ काढला असेल काहीतरी.

३

ताईच्या हातच्या चहाची एक बरणी अजून शिल्लक आहे. ती विकायची नाही. नवं मिश्रण झालं की एका कपात नवं, एका कपात ताईचं, सारखं पाणी, सारखा वेळ, वर झाकणी. मग एकाचा भुरका, दुसऱ्याचा भुरका. रोज तेच होतं. नवं चांगलं असतं, पण ते नसतं. व्हॅनिला वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, शेंगा बदलल्या. नव्याला जुन्याची सर येत नाही. ताई काय करायची कोण जाणे, आणि विचारायची सोय उरली नाही. एवढी साधी गोष्ट मी तिला कधी विचारली नाही, याचं मावशीला रोज नव्याने वाईट वाटतं.

सुट्या चहाची एक खोड असते. तो नुसता ठेवला आणि फळीला हादरे बसले की आपापसांत वेगळा होतो. मनुका आणि फळांचे तुकडे खाली, पाकळ्या वर. तसाच चमचा घातला तर नुसत्या पाकळ्या येतात आणि चहा आंबट होतो. म्हणून आधी बरणी उलटी करायची, सुलटी करायची, पुन्हा उलटी. आत सगळं खुळखुळ वाजत मिसळतं. ठकू तान्ही असताना ताई तिला कडेवर घेऊन हीच बरणी हलवायची, तेव्हा आत दुसरं मिश्रण असायचं. पोरीला दुसरा खुळखुळा कधी लागलाच नाही. बरणी वाजली की रडं बंद.

मागच्या रस्त्याने दिवसरात्र जड गाड्या जातात. फळ्या थरथरतात. त्यामुळे सकाळी ताईच्या बरणीत कायम थर पडलेले असतात, वर लाल, खाली काळपट.

त्या सकाळी थर नव्हते.

मावशीने बरणी उजेडात धरली. आत सगळं एकसारखं मिसळलेलं, आत्ताच कुणी हलवून ठेवावं तसं. तिने काकूंना हाक मारली. "काकू, तुम्ही ताईच्या बरणीला हात लावला होता?"

"मी? मला काय वेड लागलंय? तिच्या बरणीला हात लावला तर ती वरून येऊन माझा कान धरेल." काकूंनी नेहमीसारखं ठो ठो हसून घेतलं आणि मग मावशीचा चेहरा बघून हसू आवरलं. "अगं, तूच हलवली असशील. हल्ली तुझं लक्ष कुठे असतं?"

हे पटण्यासारखं होतं. मावशीने ते पटवून घेतलं. संध्याकाळी मात्र तिने बरणी मुद्दाम न हलवता, थरांसकट, फळीवर ठेवली आणि कुलूप लावून किल्ली खिळ्याला अडकवली.

सकाळी ती पुन्हा मिसळलेली होती. गाड्यांच्या हादऱ्याने वेगळं होतं, तसं कधीतरी हादऱ्यानेच एकत्रही होत असेल, असं मावशीने काकूंना सांगितलं आणि स्वतःलाही समजावलं. असं कधी होत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

४

रविवार होता. दुकान बंद. जेवणं आटोपून मावशी वर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि ठकू जमिनीवर पालथी पडून गणितं करत होती. घरात ऊन पसरलं होतं. रस्त्यावर गाडी नव्हती.

खाली बरणी वाजली.

खुळखुळ. मग थांबली. मग उलटी झाल्यासारखी पुन्हा खुळखुळ.

मावशीच्या हातात उशीचा अभ्रा तसाच राहिला. ठकूने वहीतून डोकं वर केलं, जिन्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं.

"तुला आलं ऐकू?" मावशीने विचारलं.

"रोजच येतं."

"मग बोलली का नाहीस मला?"

"तूच म्हणालीस ना काकूंना, गाड्यांनी फळी हलते म्हणून." ठकूने पेन्सिलीचं टोक चावलं. "मावशी, हातचा एक की दोन?"

मावशी खाली गेली. उंदीर असेल, असं प्रत्येक पायरीवर ती स्वतःला सांगत होती, जणू उंदीर झाला म्हणून त्याला काचेची बरणी पेलणार होती. कुलूप जागच्या जागी होतं. दुधी काच मात्र आतून ओलसर झाली होती. तिने कुलूप काढलं.

खोलीत कुणी नव्हतं. असायला जागाही नव्हती. किटलीला हात लावला तर कोमट. टेबलावर एक कप होता आणि कपावर झाकणी. तिने झाकणी उचलली. व्हॅनिलाची वाफ तोंडावर आली आणि मावशीचे डोळे भरून आले.

खरं तर तिने तिथून पळायला हवं होतं. पण ज्या चवीमागे बाई वर्षभर झुरत होती ती तिच्या नाकासमोर होती. तिने कप उचलला आणि भुरका मारला.

तेच होतं. आंबटाला गोडाने सांभाळून घेतलेलं, शेवटी जिभेवर दुधासारखं मऊ काहीतरी रेंगाळणारं. बरणीतल्या जुन्या चहातही ते आता इतकं उतरत नव्हतं. मावशी स्टुलावर बसली आणि रडली. कप संपेपर्यंत रडली. मग तोंड पुसलं, कप विसळला, दिवा घालवला आणि दार ओढून घेताना सवयीने म्हणाली, "येते गं."

"ये," आतून आवाज आला.

५

भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण जिना चढेपर्यंतच. वर पोचेतो मावशीच्या मनात जे भरून राहिलं होतं त्याला आनंद हाच शब्द आहे. आवाज ताईचा होता. मान खाली घालून, हातातलं काम न सोडता बोलल्यासारखा. कान फसवतात, आपण जे ऐकायला आसुसतो तेच ऐकवतात, हे तिला कळत होतं. पण दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "येते गं." आणि आतून आलं, "ये."

मग ते रोजचंच झालं. मावशी दिवसभर संध्याकाळची वाट पाहू लागली. दार ओढताना तिचा हात उगाच रेंगाळायचा.

"आज स्वारी खुशीत दिसते," काकू म्हणाल्या. "लग्नबिग्न ठरवलंस की काय गुपचूप?"

"काहीतरीच तुमचं."

"बरंय बाई. निदान एकीला तरी घास गोड लागतोय. तुझी ती पोर बघ, चिपाड झालीय. काल डबा तसाच परत आणला."

हे मात्र मावशीला लागलं. खरंच होतं. ठकू खात नव्हती. बिनपत्तीचा चहा तर तिने केव्हाच सोडला होता, वास आला तरी नाक दाबायची. आईसाठी झुरतेय, मावशीला वाटलं. आणि आई इथेच, जिन्याखाली आहे. एका आवाजाने पोरीचं समाधान होणार असेल तर ते मी एकटीने का घेऊन बसले? ती स्वतःवरच चिडली.

त्या संध्याकाळी तिने ठकूचा हात धरला आणि तिला खाली नेलं.

"मला नाही यायचं," ठकू दारापाशी अडून राहिली.

"आत नाही जायचं. दारातूनच. एकदा फक्त येते म्हण. मग ऐक, कोण बोलतं ते."

"मला माहितीये."

"माहितीये?"

"रोज म्हणायचं ते. मी शाळेत जाताना. पूर्वी मी येते म्हणायचे ना, तेव्हा." ठकूचा आवाज लहान झाला. "म्हणूनच मी जाते म्हणते. जाते म्हटलं की ते काही बोलत नाही."

मावशीने हे ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. तिच्या कानात त्यातलं एकच राहिलं, की पोर अजून जाते म्हणते. आईने म्हटलं तेच. "वेडी कुठली. आईला घाबरतात का? म्हण बघू. माझ्यासाठी म्हण."

ठकूने मावशीकडे पाहिलं. मग काचेकडे. मग गुणी पोरीसारखी म्हणाली, "येते."

"ये."

बाकी काही झालं नाही. मावशीने कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि हसून ठकूकडे पाहिलं. ठकूचा हात तिच्या हातात गार पडला होता. जिन्याच्या मधोमध ती थांबली.

"मावशी, आई ‘ये गं’ म्हणायची."

"हो मग?"

"हे नुसतं ‘ये’ म्हणतं."

६

मावशीला रात्रभर झोप लागली नाही, आणि त्यात नवल नाही. ती एकच हिशोब पुन्हा पुन्हा करत होती. इतक्या वर्षांत ताई तिला ‘गं’ लावल्याशिवाय एकदा तरी ‘ये’ म्हणाली होती का? भांडण झालेलं असलं, तोंड फुगलेलं असलं, तरी ते ‘गं’ असायचंच. आणि ताई ‘जाते’ म्हणून गेली होती. गेली ती गेली. मग जिन्याखाली बसून ‘ये’ म्हणतंय ते कोण? आणि निरोप म्हणून म्हणतंय, की बोलावतंय?

सकाळी तिने ठकूला पुढच्या दाराने शाळेत सोडलं. "येतानाही पुढूनच ये. मागे फिरकायचं नाही. कळलं?"

ठकूने मान हलवली. निघताना ती काहीच म्हणाली नाही, जाते नाही आणि येतेही नाही.

दिवस कसाबसा सरकला. मावशीने मागची खोली उघडली नाही. नव्या मिश्रणाचं विचारायला आलेल्यांना उद्या या म्हणाली. उद्या काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. खोली रिकामी करायची, बरणी नदीत सोडायची, दुकानच बदलायचं, असं काहीबाही मनात येत होतं. शाळा सुटायची वेळ झाली तशी ती पुढच्या दारात येऊन उभी राहिली. एक गिऱ्हाईक आलं, तेही घोळ घालणारं. हे दाखवा, ते दाखवा, याचा वास घेऊ का?

"काय सुरेख वास सुटलाय हो," गिऱ्हाईक म्हणालं. "आत ताजा केलाय का?"

काकूंनीही नाक वर केलं. "किटली ठेवून आलीस का गं आत?"

व्हॅनिला. दुकानभर व्हॅनिला.

मावशी मागे धावली. मागचं दार उघडं होतं. खिळ्यावर किल्ली नव्हती.

७

दप्तर खोलीच्या दाराबाहेर नीट टेकवून ठेवलं होतं, बूट शेजारी. कुलूप उघडं, किल्ली त्यातच. दुधी काच वाफेने पांढरी झाली होती आणि आत दिवा होता. आतून बरणी वाजत होती, हळूहळू, तान्ह्या पोराला निजवताना वाजवतात तशी.

मावशीने मूठ धरून दार ओढलं. दार अडकलं नव्हतं, पण जड होतं, पलीकडूनही कुणीतरी तेवढ्याच हळुवारपणे धरून ठेवल्यासारखं. तिने काचेला डोळे लावले. स्टुलावर ठकूचा आकार दिसला. दोन वेण्या, टेबलापर्यंत न पोचणारे खांदे. आणि टेबलापलीकडे वाकून, कपावर फुंकर घालणारं कुणीतरी. चांगलं उंच. मावशीला आधी फक्त तेवढंच दिसलं. मग तिच्या लक्षात आलं की टेबलापलीकडे जागाच नाही. तिथे टेबलाला चिकटून फळ्या आहेत, तळापासून छतापर्यंत. ते जे काही होतं ते फळ्यांच्या जागीच उभं होतं.

"ठकू!" मावशी ओरडली. "ठकू, ये!"

"ये," आतूनही आलं. त्याच क्षणी, त्याच सुरात.

ठकूच्या वेण्या हलल्या. ती दाराकडे वळली, मग टेबलाकडे वळली. पोरीला कळेना कोण कोण आहे. कपाशी वाकलेलं डोकं किंचित कललं.

तेव्हा मावशीच्या घशातून जे निघालं ते तिने ठरवून काढलं नव्हतं. "ये गं! ये गं माझ्या बाई, इकडे, इकडे ये गं!"

स्टूल सरकलं. मोज्यांतली पावलं लादीवरून धावत आली. मूठ एकाएकी हलकी झाली, दार उघडलं आणि ठकू मावशीच्या अंगावर आदळली. मावशीने आत पाहिलं नाही. पायाने दार लोटलं, कुलूप दाबलं आणि पोरीला छातीशी इतकं घट्ट धरलं की ती कण्हली.

"प्यालीस का काही? खरं सांग."

"नाही. गरम होता. ती फुंकर घालत होती."

"का गेलीस गं? नको म्हटलं होतं ना मी?"

ठकूने डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. त्यात रागही होता आणि आश्चर्यही. "मी येते म्हटलं होतं ना काल. तूच म्हणालीस, म्हटलं की यावंच लागतं."

मावशीने दप्तर उचललं, बूट उचलले. पुढून काकूंच्या हाका ऐकू येत होत्या, काय झालं, पोर पडली का, येऊ का मी. आता या दारातून पुन्हा कधी जायचं नाही, हे मावशीने ठरवून टाकलं. आणि निघताना, कळत्या वयात पहिल्यांदाच, तिने तो शब्द स्वच्छ उच्चारला.

"जाते."

आत बरणी थांबली. मावशी थबकली. जाते म्हटलं की ते काही बोलत नाही, असं ठकू म्हणाली होती, आणि खरोखरच आतून काही आलं नाही. तिने ठकूचा हात घट्ट धरला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

मागे कुणीतरी हातातलं काम खाली ठेवल्यासारखा काचेचा आवाज झाला. मग बोलणं आलं, सावकाश, नवा शब्द जिभेवर घोळवून पाहावा तसं. पण या खेपेला काही चुकलं नव्हतं. हुबेहूब ताई.

"येते गं."